नाव नसलेली जुनी युरोपियन रेसिंग सायकल कुठली, हे कसं शोधायचं

युरोपात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसाला जुन्या बाजारात एक सायकल हमखास भेटते. बारीक पोलादी नळ्या, खाली वळलेलं हँडल, खालच्या नळीवर गिअरचे दोन दांडे, कधीतरी पुन्हा मारलेला रंग आणि नाव कुठेच नाही. विकणारा सांगतो, ‘इटालियन आहे’, कारण मागच्या गिअरवर काम्पान्योलो या इटालियन पार्ट-कंपनीचं नाव लिहिलेलं असतं. किंमत बरी वाटते म्हणून आपण ती घरी आणतो. मग पहिला पार्ट बदलायची वेळ येते आणि नवा कप, म्हणजे पेडलच्या दांड्यांमधल्या एक्सलचे छर्रे ज्यात फिरतात ती आट्यांची वाटी, फ्रेममध्ये बसतच नाही. सायकल कुठली आहे, हा प्रश्न तेव्हा हौसेपुरता राहत नाही, त्याच्यावर पुढचं सगळं काम अडतं.

हा लेख साधारण १९५० ते १९८५ या काळातल्या पोलादी रोड बाइक्सबद्दल आहे. त्या काळात युरोपातल्या मोठ्या सायकल-देशांपैकी अनेकांची मापं वेगळी होती, म्हणून फ्रेम मोजून बऱ्याचदा तिचा देश सांगता येतो. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात इटली सोडून जवळपास सगळे इंग्लिश मापांवर आले. त्यानंतरच्या सायकलींना ही पद्धत फारशी लागू पडत नाही.

सगळ्या तपासाचं सूत्र एकच आहे. जे पान्ह्याने निघतं त्याची साक्ष शेवटी घ्यायची, जे निघत नाही त्याची आधी. गिअर, ब्रेक, चाकं, हँडल हे चाळीस-पन्नास वर्षांत कितीदा बदललं असेल कुणास ठाऊक. स्टिकर तर कुणीही चिकटवतं. फ्रेमच्या नळ्यांची जाडी, त्यांचे जोड आणि आत पाडलेले आटे मात्र सहसा कारखान्यातून निघाले तसेच राहतात.

स्टिकरवर भरवसा का ठेवायचा नाही, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९७२ सालचं आहे. त्या वर्षी २५ ऑक्टोबरला बेल्जियमचा सायकलपटू एडी मेर्क्सने मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला. ती सायकल इटलीत एर्नेस्तो कोल्नागोने बांधली होती, पण तिच्यावर नाव होतं विंडसर या मेक्सिकन कंपनीचं. जगातल्या सर्वांत गाजलेल्या सायकलीची ही गोष्ट असेल, तर एखाद्या गावातल्या दुकानाने बाहेरून फ्रेम बनवून घेऊन तिच्यावर स्वतःचं नाव रंगवलं असेल, यात नवल नाही. अनोळखी नावाच्या बऱ्याच सायकली अशाच निघाल्या. म्हणून ‘ब्रँड कुठला’ आणि ‘फ्रेम कुठे बनली’ हे दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवा.

हाताशी काय हवं

एक व्हर्निअर कॅलिपर हवाच. स्वस्तातला डिजिटल चालेल, पण पट्टीने भागणार नाही, कारण इथे फरक अर्ध्या मिलिमीटरचे असतात. शिवाय टॉर्च, जुना दातांचा ब्रश, थोडं रॉकेल, पातळ कागद, मऊ पेन्सिल आणि फोटो काढायला मोबाइल. क्रँक (पेडलचा दांडा) ओढून काढायचं हत्यार, म्हणजे पुलर, घेताना जरा थांबा. बहुतेक क्रँकना २२ मिमीचा पुलर लागतो, पण फ्रान्सच्या टीए कंपनीच्या क्रँकला २३ मिमीचा आणि जुन्या स्ट्राँगलाइटला २३.३५ मिमीचा. २२ चा पुलर त्यात ढिला बसतो, जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे उपटून हातात येतात आणि क्रँक कायमचा गेला. क्रँकवर कंपनीचं नाव वाचल्याशिवाय पुलर लावू नका.

धुण्याआधी बघा

सायकल घरी आली की पहिल्यांदा ती चकाचक करायची इच्छा होते. ती आवरा. मळाखाली पुरावे असतात आणि घासताना तेच आधी जातात.

अंधाऱ्या खोलीत टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका. वरून रंग मारलेला असला तरी जुन्या अक्षरांच्या कडा बारीक उंचवट्यासारख्या दिसतात. सगळी अक्षरं लागली नाहीत तरी शब्दाची लांबी, पहिलं अक्षर, पट्ट्यांची जागा एवढं टिपून ठेवा. मग मूळ रंग शोधा. गिअरच्या दांड्यांच्या पट्टीखाली, पुढच्या नळीच्या आत, चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) दांड्यावर आणि बीबीच्या (क्रँकचा एक्सल जिथून जातो त्या डब्याच्या) तळाशी तो सापडतो, कारण दुसऱ्यांदा रंगवणारे तिथपर्यंत सहसा पोचत नाहीत.

पुढच्या नळीवर, जिथे कंपनीचा बिल्ला असतो, तिथे बोट फिरवा. बिल्ला गेलेला असला तरी रिव्हेटची भोकं राहतात, कधी पुटीने बुजवलेली. भोकं उभी आहेत की आडवी, त्यांच्यात अंतर किती, हे मोजून लिहा. एखाद्या कंपनीवर संशय आला की तिच्या बिल्ल्याच्या भोकांशी हे माप ताडता येतं, आणि नकार द्यायला याहून पक्का पुरावा नाही.

दुकानाचं लहानसं स्टिकर, बहुधा सीटच्या नळीवर खाली, दिसलं तर ते जपा. त्यावर गावाचं नाव असतं. कधी टेलिफोन नंबरही असतो आणि त्यातल्या आकड्यांवरूनही काळाचा अंदाज येतो.

बीबी: सगळ्यात मोठा साक्षीदार

क्रँकचा एक्सल जिथून जातो तो आडवा डबा म्हणजे बीबी शेल. नवख्याने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, म्हणून मीही इथे थोडा रेंगाळतो.

आधी डब्याची रुंदी मोजा. कप, रिंग काही न धरता फक्त डबा. ७० मिमी भरला तर इटालियन. ६८ भरला तर इंग्लिश, फ्रेंच किंवा स्विस. ७१ किंवा ७६ भरला तर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचा विचार करा. रॅले बऱ्याच मॉडेलांवर इंचाला २६ आटे हे स्वतःचंच माप वापरायची, आणि ते दुसऱ्या कुणाशी जुळत नाही.

मग कपावर काय कोरलंय ते वाचा. रॉकेलने पुसलं की आकडे दिसतात. १.३७ × २४ म्हणजे इंग्लिश, ३६ × २४ म्हणजे इटालियन, ३५ × १ म्हणजे फ्रेंच किंवा स्विस. पहिल्या जोडीत व्यास इंचात आहे, बाकीच्यांत मिलिमीटरमध्ये. २४ म्हणजे एका इंचात २४ आटे, आणि १ म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर.

कपावर काहीच नसेल तर डावा कप काढा. तो निघायला सोपा असतो. त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास ३६ च्या जवळ आला तर प्रश्न मिटला. पण इंग्लिश कप ३४.८ आणि फ्रेंच ३५, यांच्यातला फरक झिजलेल्या कपावर कॅलिपरने पकडता येईलच असं नाही. तिथे आटे मोजा. दहा आट्यांचं अंतर इंग्लिशमध्ये जवळजवळ १०.६ मिमी येतं, फ्रेंचमध्ये बरोबर १०. दुसरा उपाय म्हणजे ओळखीचा एखादा इंग्लिश कप घ्यायचा, दोन्ही कपांचे आटे एकमेकांत बसवायचे आणि उजेडासमोर धरायचे. माप एकच असेल तर आटे शेवटपर्यंत एकमेकांत रुततात आणि मधून उजेड येत नाही. माप वेगळं असेल तर चार-पाच आट्यांनंतर ते एकमेकांवर चढू लागतात.

आता उजवा कप. इथे आट्यांची दिशा महत्त्वाची. इंग्लिश आणि स्विस फ्रेममध्ये उजव्या बाजूला उलटे आटे असतात, म्हणजे कप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. इटालियन आणि फ्रेंचमध्ये दोन्ही बाजूंना सुलटे. यामागे कारण आहे. एक्सल फिरताना छर्रे कपाच्या आतून घरंगळतात आणि कपाला एक्सलच्या उलट्या दिशेने किंचित ओढत राहतात. उजव्या बाजूला सुलटे आटे असतील तर ही ओढ कप ढिला करते. इंग्लिश आणि स्विस कारखान्यांनी उलटे आटे पाडून तो प्रश्न सोडवला. इटालियन आणि फ्रेंच कारागीर उजवा कप प्रचंड घट्ट आवळायचे, आणि तो चाळीस वर्षांनी काढताना घाम फुटतो.

माझा सल्ला असा की, डाव्या कपावरून इंग्लिश किंवा इटालियन हे पक्कं झालं तर निव्वळ ओळखीसाठी उजव्याला हात लावू नका. ३५ × १ निघालं तरच पुढे जा, कारण फ्रेंच की स्विस हे फक्त उजव्या कपाच्या दिशेवरून कळतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, जाड बोल्ट आणि वॉशरने कप पकडा, आणि आधी घड्याळाच्या दिशेने माफक जोर लावून पाहा. हलला तर स्विस. हलला नाही तर उलट दिशेने बघा. कुठल्याही एका दिशेला आंधळा जोर लावू नका.

इथे एक सापळा आहे. रुंदी ६८ आणि आटे मात्र ३६ × २४, असं आढळलं तर बहुधा मूळचे आटे कधीतरी खराब झाले आणि कुणीतरी डबा आतून कोरून इटालियन माप पाडलं. हे दुरुस्तीचं नेहमीचं काम होतं. अशा फ्रेमचे आटे काहीच सांगत नाहीत, पण रुंदी अजून सांगते की ती इटलीची नाही.

आणि इंग्लिश आटे म्हणजे इंग्लंड, असंही समजू नका. हॉलंड, बेल्जियम, जर्मनी, स्वीडन इथे हे माप सर्रास वापरलं जायचं, आणि जपानने तर तेच उचललं. म्हणजे इंग्लिश आट्यांवरून फक्त एवढं कळतं की सायकल बहुधा इटालियन नाही, आणि ऐंशीच्या मध्याआधीची असेल तर बहुधा फ्रेंचही नाही.

नळ्या, सीटचा दांडा, हँडलचा देठ

फ्रेंच फ्रेम ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे नळीची जाडी. इंग्लिश आणि इटालियन फ्रेममध्ये सीटची नळी आणि खालची नळी २८.६ मिमी असते, वरची आडवी नळी २५.४. फ्रेंच मापात हेच आकडे २८ आणि २६. गंमत पाहा, एक नळी बारीक आणि दुसरी जाड. रंगाच्या थराने आकडा थोडा वाढतो, म्हणून दोन्ही नळ्या मोजा आणि त्यांच्यातला फरक काढा. फरक तीनच्या वर आला तर इंच-माप, दोनच्या आसपास आला तर फ्रेंच.

सीटच्या दांड्यावर त्याचं माप कोरलेलं असतं. २७.२ असेल तर पातळ भिंतीची चांगली इंच-मापाची नळी, मग ती इंग्लंडच्या रेनॉल्ड्स ५३१ ची असेल किंवा मिलानच्या कोलंबस एसएलची. २६.४ हे चांगल्या फ्रेंच फ्रेमवर नेहमी भेटणारं माप आहे. आकडा जितका लहान तितकी नळीची भिंत जाड आणि सायकल साधी. पण दांडा मुळातला नसेल आणि कुणीतरी बारीक दांडा पत्र्याची पट्टी घालून बसवला असेल, तर हा आकडा फसवतो. दांडा काढून नळीचा आतला व्यासही मोजा.

हँडलचा देठ, म्हणजे हँडल धरणारा आणि पुढच्या नळीत उतरणारा तुकडा, फ्रेंचमध्ये २२ मिमी आणि बाकी सगळीकडे २२.२ असतो. चिनेल्लीचा इटालियन देठ लावलाय आणि त्याच्या खालच्या भागाला पॉलिश पेपर मारल्याच्या रेघा आहेत, असं दिसलं तर फ्रेम फ्रेंच असण्याची शक्यता खूप मोठी. ०.२ मिमी घासल्याशिवाय तो आत जातच नाही.

रेनॉल्ड्स ५३१ ही नळी १९३५ पासूनची, बर्मिंगहॅमची, आणि ती फ्रान्सला फ्रेंच मापात जायची. स्टिकरची भाषा वाचा. मजकूर फ्रेंचमध्ये असेल तर फ्रेमही बहुधा फ्रेंच मापातली. कोलंबसची खूण आणखी आत लपलेली असते. चिमटा काढलात तर त्याच्या दांड्यात खालून टॉर्च मारा. एसएल किंवा एसपी नळीच्या दांड्यात आतल्या बाजूने पाच पीळदार कंगोरे दिसतात, बंदुकीच्या नळीतल्या खाचांसारखे. ते पहिल्यांदा दिसतात तेव्हा खरोखर हरखून जायला होतं. एसएलएक्स असेल तर असेच कंगोरे बीबीच्या बाजूने नळ्यांच्या तोंडाशीही असतात. पण कोलंबसच्या नळ्या सगळ्या युरोपात विकल्या जात, तेव्हा त्यावरून फ्रेमचा दर्जा कळतो, देश ठरत नाही.

जोड आणि टोकं

नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथल्या पोलादी बाह्यांना लग म्हणतात. नक्षीदार, वेलबुट्टीसारखे लग असतील तर ते बहुतेक वेळा नेर्वेक्स प्रोफेशनल असतात. कारखाना फ्रेंच, पण इंग्लिश कारागिरांनी ते भरपूर वापरले. साध्या, लांब टोकाच्या लगवरून देश सांगायला सरावलेली नजर लागते. नवख्याने त्यांचे जवळून फोटो काढावेत आणि पुढे जावं.

मागचं चाक जिथे अडकतं ते ड्रॉपआउट मात्र नीट बघा. त्यावर नाव कोरलेलं असतं. काम्पान्योलो असेल तर सोबत ‘ब्रेव्ह’ अशीही अक्षरं दिसतात, आणि अनेक जण तेच सायकलचं नाव समजून शोधत बसतात. ते इटालियन भाषेतल्या पेटंटच्या शब्दाचं लघुरूप आहे, बाकी काही नाही. काम्पान्योलोचे ड्रॉपआउट इंग्लंडपासून पूर्व युरोपापर्यंत चांगल्या फ्रेमवर सर्वत्र लागायचे, म्हणून त्यावरून इटली ठरत नाही. उलट सिंप्लेक्स किंवा ह्युरे कोरलेले ड्रॉपआउट दिसले तर फ्रान्सकडे पारडं झुकतं, कारण फ्रान्सबाहेर ते कमी वापरले गेले. झेऊस दिसलं तर स्पेन.

चांगल्या इटालियन फ्रेमवर कारागिराची खूण कापलेली किंवा कोरलेली असते. कोल्नागोचं तीनपानी फूल, दे रोझाचं बदाम. बीबीच्या तळाशी, लगवर, चिमट्याच्या माथ्यावर आणि सीटजवळच्या बारीक नळ्यांच्या टोपणांवर ते शोधा. रंगाच्या दोन थरांखाली अशी खूण बुजून जाते, टूथपिकने कोरली की उघडी पडते.

चिमट्याच्या उजव्या पायावर दिवा अडकवायचा छोटा धातूचा तुकडा (बॉस) पितळाने जोडलेला असेल तर इंग्लंडमधल्या जुन्या क्लब सायकलींचा विचार करा.

नंबर

बीबीच्या तळाशी, मागच्या डाव्या ड्रॉपआउटवर किंवा सीटच्या लगवर आकडे असतात. पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी आडवी घासा. डोळ्यांना न दिसणारे आकडे कागदावर उमटतात. ५६, ५८ असे दोनच आकडे असतील तर तो फ्रेमचा साइझ आहे. ते १९५६ साल समजून किंमत वाढवणारे विक्रेते खूप आहेत.

नंबरवरून देश काढायचा सार्वत्रिक नियम नाही, प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. कामाला येणारी एक रीत रॅलेची. १९७३ नंतरच्या नंबरात पहिलं अक्षर कारखान्याचं: ‘एन’ म्हणजे नॉटिंगहॅम, ‘डब्ल्यू’ म्हणजे वर्कसॉप. दुसरं अक्षर वर्षातल्या कालखंडाचं आणि त्यानंतरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक. लहान कारागिरांच्या नंबरात असा कोड शोधू नका, त्यांतल्या अनेकांच्या नोंदी उरलेल्याच नाहीत.

मग पार्ट्स

पार्ट्सवरून देशापेक्षा साल चांगलं कळतं. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर १२० मिमी असेल तर पाच गिअरचा काळ, १२६ असेल तर सहा-सात गिअरचा. काम्पान्योलोच्या नुओव्हो रेकॉर्ड मागच्या गिअरवर सत्तरच्या दशकापासून पेटंट हा शब्द आणि पुढे वर्षाचे दोन आकडे असतात. शिमानोच्या पार्टवर मागे दोन अक्षरं असतात: पहिलं वर्षाचं, ‘ए’ म्हणजे १९७६, आणि दुसरं महिन्याचं. ‘ईसी’ म्हणजे मार्च १९८०. चिनेल्लीच्या हँडलवर जुना ढालीसारखा बिल्ला असेल तर ते ऐंशीच्या दशकाआधीचं. १९७८ मध्ये कंपनी कोलंबसवाल्या घराण्याकडे गेली आणि चिन्ह बदललं.

एकच पार्ट कुठलाही असू शकतो, पण सगळे एकाच देशाचे निघाले तर त्याला वजन आहे. माफाकचे ब्रेक, सिंप्लेक्सचा गिअर, स्ट्राँगलाइटचा क्रँक, नॉर्मंडीचे हब असा फ्रेंच संच जमला आणि आटेही ३५ × १ आले, तर शंकेला जागा कमी उरते.

पेडलवर मात्र नक्की नजर टाका. डावं-उजवं सांगणारी अक्षरं भाषेनुसार बदलतात. ‘डी’ आणि ‘जी’ असेल तर फ्रेंच, ‘डी’ आणि ‘एस’ असेल तर इटालियन, ‘आर’ आणि ‘एल’ असेल तर इंग्लिश किंवा जर्मन. जुन्या फ्रेंच क्रँकचे पेडलचे आटेही वेगळे असतात, १४ मिमी व्यासाचे. नवं पेडल त्यात जबरदस्तीने फिरवू नका.

पूर्वेकडच्या सायकली

पोलादी पडद्यामागच्या देशांत उत्तम रेसिंग सायकली बनल्या आणि त्यांच्याबद्दल अजून फार कमी लोकांना माहिती आहे. चेकोस्लोव्हाकियात रोकित्सानीची फाव्होरित, पूर्व जर्मनीत तेव्हाच्या कार्ल-मार्क्स-श्टाटची दियामांट, युक्रेनमध्ये खार्किवचा कारखाना. सोव्हिएत पार्टवर पंचकोनी दर्जाचिन्ह असेल तर ते १९६७ नंतरचं, कारण ते चिन्ह त्या वर्षी सुरू झालं. कधी पार्टवर रुबलमधली किंमतच ठोकलेली असते. पूर्व जर्मन हबवर रेनाक हे नाव येतं. पाश्चात्त्य कंपनीच्या पार्टसारखा हुबेहूब दिसणारा, पण अनोळखी नावाचा पार्ट दिसला तर आधी इकडे बघा.

एक फ्रेम, सुरुवातीपासून

माझ्याकडे आलेली एक फ्रेम सांगतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं येतं ते दिसेल. लाल रंग, ब्रशने मारलेला. ड्रॉपआउटवर काम्पान्योलो, हँडल चिनेल्लीचं, ब्रेक वाइनमानचे. विक्रेत्याने अर्थातच इटालियन म्हणून दिलेली. बीबीची रुंदी भरली ६८, म्हणजे इटली तिथेच बाद. डाव्या कपाचे दहा आटे १० मिमी, म्हणजे फ्रान्सचा अंदाज. पण उजवा कप घड्याळाच्या दिशेने सुटला. आटे स्विस.

इथे घाई करून चालत नाही, कारण सत्तरच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या मोटोबेकाननेही स्विस आटे वापरले. म्हणून पुढची तपासणी. पुढच्या नळीवर पुटीखाली बिल्ल्याची दोन भोकं सापडली. वाइनमानचे ब्रेक स्विस ब्रँडचे होते, पण ते बाहेरही खपायचे, म्हणून तो आधार अर्धाच. निर्णायक ठरली ती सीटच्या मागे बोल्टला अडकलेली छोटी पत्र्याची पट्टी, जी मी गंजका कचरा समजून टाकून दिली नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये सायकलीला दरवर्षी नंबरप्लेट घ्यावी लागायची. १९८८ पर्यंत धातूची पाटी होती, नंतर स्टिकर आलं आणि २०११ नंतर तेही बंद झालं. ती पट्टी पाटी धरायचीच होती. मोंडिया, आलेग्रो, सिलो, कोंडोर या स्विस नावांत आता भोकांचं अंतर आणि लगचे आकार ताडून बघायचे, एवढंच काम उरलं. अर्ध्या युरोपातून शोध चार-पाच कारखान्यांवर आला.

अशा पट्ट्या, पाट्या, कुलपाचे अडकवणे, डायनामोची पकड यांना म्हणूनच जपा. सायकल कुठल्या रस्त्यांवर चालली ते त्या सांगतात. अर्थात चालली तिथेच बनली असं नसतं, तेव्हा हा पुरावा आट्यांना दुजोरा म्हणून वापरा, आट्यांच्या जागी नाही.

जाणकाराला दाखवताना

नुसता ‘ही कुठली?’ म्हणून एक फोटो पाठवलात तर उत्तर अंदाजानेच येणार. चेनच्या बाजूने पूर्ण सायकल, मागे साधी भिंत. मग जवळून बीबीचा तळ, सीटजवळचा जोड, चिमट्याचा माथा, दोन्ही ड्रॉपआउट आणि पुढची नळी. सोबत मापं लिहा: बीबीची रुंदी, आटे आणि उजव्या बाजूची दिशा, दोन नळ्यांचे व्यास, सीटच्या दांड्याचा आकडा, देठाचा व्यास, मागचं अंतर. कुठला पार्ट मुळातला वाटतो आणि कुठला बदललेला, तेही सांगा. एवढं पाठवलंत तर ज्याला खरंच माहीत आहे तो मन लावून उत्तर देतो.

कधी कारखान्याचं नाव शेवटपर्यंत लागत नाही. ‘१९७० च्या आसपासची, फ्रेंच मापाची, ५३१ नळीची फ्रेम’ एवढ्यावर थांबावं लागतं. ते उत्तर पुऱ्या किमतीचं आहे, कारण त्यावरून योग्य कप, योग्य दांडा, योग्य देठ मागवता येतो. विकायची झाली तर एवढंच लिहा, पुढे कुणाचं नाव जोडू नका.

एक काम मात्र फ्रेम ओळखल्याशिवाय कुणालाही करू देऊ नका. ‘आटे जुळत नाहीत, इटालियन पाडून देतो’ असं दुकानदार म्हणाला तर सायकल उचला आणि घरी आणा. फ्रेंच आणि स्विस आट्यांचे कप जुन्या साठ्यात मिळतात आणि नवेही बनतात. डबा एकदा आतून कोरला की मूळ माप परत आणता येत नाही, आणि तुमच्यानंतर ती फ्रेम हातात घेणाऱ्याचा सगळ्यात मोठा साक्षीदार गेलेला असतो.